भागूबाईची पकड

आमच्या आत्याला घरात सगळे भित्री भागूबाई म्हणतात. पाल दिसली की ती खुर्चीवर चढते, दार आपटलं की छातीवर हात ठेवते. आणि अशा बाईला नोकरी कुठे मिळावी? जंगलातल्या शाळेत! वर्ग झाडांखाली, वादळवाऱ्यापुरती एक लाकडी खोली, आणि ही तिथे छोट्या मुलांची मदतनीस.

"अगं, तिथे सापबिप असतील," मी म्हटलं.

"असतातच. म्हणून तर झोप लागत नाही."

पण एक दिवस रजा घेईल तर शपथ!

तिच्या वर्गाला दोन बाई. एक फक्त घरच्या भाषेत बोलणार, दुसरी फक्त इंग्रजीत. मुलांना दोन्ही यावं म्हणून ही पद्धत. मुलं कधी हिच्यामागे, कधी तिच्यामागे.

त्या दुपारी एकाएकी वारा सुटला. फांद्या कडाकडा मोडायला लागल्या. दोन्ही बाई आपापल्या भाषेत ओरडल्या आणि मुलं दोन वाटांनी पळाली. आत्या एका रडक्याला कडेवर घेऊन मागून धावली. खोलीत पोचल्यावर कळलं, पिटुकली नाही. वर्गातली सगळ्यात लहान मुलगी. इंग्रजीच्या बाईंना वाटलं, ती दुसऱ्या बाईंबरोबर गेली. दुसऱ्यांना वाटलं, इंग्रजीच्या बाईंबरोबर.

इंग्रजीच्या बाई एका वाटेने धावल्या. दुसऱ्यांना मुलांपाशी थांबणं भाग होतं. उरली एक वाट आणि आमची आत्या.

"मला कुणी जा म्हटलं नाही गं," ती नंतर म्हणाली. "थांब म्हटलं असतं तर बरं झालं असतं."

पिटुकलीला हाका मारत ती त्या वाटेने आत शिरली. समोर एक फांदी कोसळली, तशी ही डोकं धरून मटकन खाली बसली. "परत फिरावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू," म्हणते. पण एवढीशी पोर एकटी आत असेल, ह्या विचाराने तिला उठवलं. देवाचं नाव घेत ती पुढे गेली. एका तिरक्या झाडाखाली पिटुकली उकिडवी बसलेली, अगदी निवांत! टोपीत गोगलगायी गोळा करत होती कार्टी. आत्याने तिचं मनगट धरलं आणि पळत सुटली. मागे काहीतरी धाडकन पडलं. काय, ते तिने वळून पाहिलं नाही.

मी तिला न्यायला फाटकाशी आले, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता आणि पिटुकलीचं मनगट अजून तिच्या हातातच. पिटुकलीची आई आली. लेकीला जवळ ओढलं, तर मनगटावर लालभडक वळ.

"हे कुणी केलं?" ती कडाडली. "लहान मुलीला असं धरतात?"

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "मी धरला तिचा हात. आत राहिली होती हो ती. मला तो सोडवतच नव्हता." आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली.

मग बाईंनी सगळं सांगितलं. आई ऐकत उभी राहिली. एकदा जंगलाकडे बघितलं. मग तिने खाली वाकून लेकीचं तेच मनगट धरलं.

"आई, दुखतंय ना!" पिटुकली ओरडली.

आईने काही हात सोडला नाही.