डाव्या चाकाचे नट

हुकमात वेळ स्पष्ट दिली होती. मंगळवारी शाळा सुटेपर्यंत हजर झालं नाही, तर नेमणूक रद्द आणि यादीतल्या पुढच्या बाईंना बोलावणं. शाळा ब्रह्मपुरीची, मुलींची, पाचला सुटे. हुकूम माझ्या थोरल्या बहिणीच्या नावानं होता आणि टपालात रखडून सोमवारी दुपारी चांद्याला पोचला होता. नवरा गेल्यावर चार वर्षं ती आमच्या घरी राहिली. त्या काळात तिनं शिक्षिकेचं प्रशिक्षण पुरं केलं. घरात तिला स्वतःची खोली नव्हती. ब्रह्मपुरीला नोकरीबरोबर एक खोली मिळणार होती.

तिला सकाळच्या प्रवासी सर्व्हिस मोटारीनं जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही. नागपूरच्या एका दैनिकाचा मी जिल्हा बातमीदार होतो आणि निवृत्त झालेल्या एका वकिलाकडून जुनी अमेरिकन गाडी घेतली होती. लांबचा पल्ला म्हणून आदल्या संध्याकाळी चारही चाकांचे नट मी पान्यानं आवळले. उजवीकडचे हलले नाहीत. डावीकडचे पुढचे गंजले होते, तेही हलले नाहीत. मागच्या डाव्या चाकाचे मात्र पाचही नट थोडे थोडे फिरले. ते सैल होते आणि आपण वेळेवर पाहिलं, असं मला वाटलं.

नऊला निघालो. मूल गाव मागे टाकलं आणि डाव्या बाजूनं मागून आवाज सुरू झाला. कट्, कट्, कट्. गाडी हळू केली की आवाज संथ, वेग घेतला की भरभर. क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली, तरी आवाज होताच. म्हणजे इंजिनाचा संबंध नव्हता. रस्ता उजवीकडे वळला की तो वाढे. उतरून टायरच्या खाचेतला एक खडा काढला, सायलेन्सरची नळी हलवून पाहिली, स्प्रिंगची पानं मोजली. चाकाची टोपी काढून नटांवर नजर टाकली. पाचही जागेवर होते. टोपी बसवली. शंभर पावलं गेलो नाही तोच पुन्हा कट्, कट्.

"नट पाहिले काय?" बहिणीनं विचारलं.

"कालच आवळले."

"मग काऊन वाजते?"



धानाच्या बंड्यांची रांग समोरून येत होती. पहिल्या बंडीवाल्यानं बैल थांबवले, चाकाशी उकिडवा बसला आणि निर्णय दिला, "वंगन सरलं भाऊ. आस रडून राह्यला." मोटारीचा आस असा उघडा नसतो, हे मी सांगत होतो. तोवर त्यानं बंडीखाली टांगलेलं बांबूचं नळकांडं सोडलं, माझ्याकडून चाकाची टोपी काढून घेतली आणि आतल्या सगळ्या भागाला काळं वंगण चोपडलं. त्या भागात वाटसरूची बंडी कुरकुरत असेल तर आपलं वंगण दिल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. त्याला नाही म्हणणं मला जमलं नाही. नटांनाही वंगण लागलं.

दोन मैल शांततेत गेले. मग आवाज परतला, आता दुप्पट.

सिंदेवाहीला एक वाजला. लोहारानं भाता सोडून टोपी काढली, लांब दांड्याचा पाना लावला आणि पूर्ण जोर टाकला. नट फिरले. "पाहा, किती सैल होते," तो म्हणाला. पाचही त्यानं अर्धा अर्धा फेरा फिरवले आणि वर बजावलं, "आता मोटार मोडन, पन नट नाई हालत."

तिथून सहा मैलांवर गाडीचा मागचा भाग डोलू लागला. उतरलो तेव्हा दोन नट गायब होते, एक बोटानं फिरत होता. चाक कलंडलं होतं. पावणेतीन झाले होते. बहीण खाली उतरली, रस्त्याकडे पाहत उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "तुले म्हटलं होतं मी, सकाळच्या मोटारीनं जातो."

मी चाकाखाली जॅक लावू लागलो.

बांबू भरलेला एक ट्रक चांद्याकडे चालला होता. त्याचा चालक चांद्याचाच, पन्नाशीतला मुसलमान गृहस्थ. मला तोंडओळखीनं जाणत होता. त्यानं उरलेल्या तिघांतला एक नट काढला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, "कोणी कसले?"

"मी. मग लोहारानं."

"म्हणजे दोघांनी मिळून खोलले. डाव्या चाकाले उलटे आटे असतात, बाबूजी. इकडे फिरवलं की निघते, तिकडे फिरवलं की कसते. बोल्टवर एल लिहून आहे ना, लेफ्टचा."

ते अक्षर मी आदल्या संध्याकाळी पाहिलं होतं. कारखान्याची खूण समजलो होतो.

"पेपरवाले ना तुमी?" तो म्हणाला. "अन् लिहिलेलं वाचत नाई?"

बहीण हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच.

पुढच्या डाव्या चाकाचा एक नट त्यानं टोला मारून काढला, कारण तोही उलट्या आट्याचा होता. मागच्या चाकाला चार झाले. तो पाना फिरवत असताना बहीण मातीत बसून एकेक नट पदरानं पुसून त्याच्या हातात देत होती. "वीसच्या वर पळवू नका," तो म्हणाला. "भोकं घासली आहेत."

साडेतीनला निघालो. आवाज नव्हता. गाडी मी वीसच्या पुढे नेली नाही. बहीण दर फर्लांगाच्या दगडाकडे पाहत राहिली. मुलींचा घोळका सुटायच्या घंटेसाठी फाटकाच्या आत जमू लागला तेव्हा आम्ही पोचलो. पाचला सहा मिनिटं होती. ती गाडी पुरती थांबण्याआधी उतरली.

मी ट्रंक घेऊन मागे गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं, मग लुगड्याकडे, आणि काही न विचारता हजेरीचं पुस्तक पुढे सरकवलं. तिनं सही केली. कागदावर अंगठ्याचा काळा डाग उमटला. बाई टिपकागद शोधू लागल्या.

"राहू द्या," बहीण म्हणाली, "तो वाळत नाई." आणि खोलीची किल्ली मागितली.