विकतची भाकरी

एसटी सुटायला आली तरी अव्वा खिडकीतून हात घालून माझ्या मांडीवरचं गाठोडं चाचपत होती. आईला आमच्या घरात अव्वाच म्हणतात. गाठोड्यात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या होत्या आणि शेंगदाण्याची चटणी. "म्हैनाभर कुरकुरीत ऱ्हात्यात," ती ओरडून सांगत होती. "पर तितं भाकरी इकत घिऊन खायाची न्हाय. इकतची भाकरी म्हंजी घरात कुनी न्हाय!" मागे उभे असलेले आप्पा म्हणाले, "आगं सोड की, ड्रायवर खोळंबलाय." १९९६ सालची गोष्ट. कोल्हापूरजवळचं गडमुडशिंगी सोडून मी मस्कतला निघालो होतो, एसीच्या कामावर.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना हे गाठोडं ठाऊक असेल. ते संपलं की खरं परकेपण सुरू होतं. खोलीतला केरळचा जोडीदार एका संध्याकाळी प्लॅस्टिकची पिशवी नाचवत आला. आत मैद्याच्या गोल, गुळगुळीत चकत्या एकावर एक रचलेल्या. खुबूस म्हणतात त्याला. मी त्या पिशवीकडे बघतच राहिलो. आमच्या गावात पीठ दळून मिळायचं, दुधाचा रतीब असायचा, पण भाकरी कुणी दुकानात मांडून बसेल हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. आमच्याकडे भाकऱ्या मोजूनसुद्धा करत नसत. सगळ्यांची जेवणं झाली तरी बुट्टीत, म्हणजे टोपलीत, एक भाकरी उरलीच पाहिजे, अवचित येणाऱ्या पावण्यासाठी. बुट्टी रिकामी दिसली की अव्वा रात्रीसुद्धा तवा चढवायची.

खुबूस आणला त्या दिवशी मऊ, दुसऱ्या दिवशी चामडं. फेकायची सोय नव्हती, तेव्हा तो ताजा करायची विद्या जोडीदाराने मला दिली. तवा कडकडीत तापवायचा. ओली बोटं खुबूसवरून नुसती फिरवायची. तव्यावर टाकून वर ताटली झाकायची, उलटायचं आणि लगेच फडक्यात गुंडाळायचं. जरा दम धरला की आतल्या वाफेने तो असा मऊ पडतो की आत्ताच भाजलाय असं वाटावं. मोठा पराक्रम केल्यासारखं मी हे फोनवर अव्वाला सांगितलं. ती शेजाऱ्यांच्या फोनवर बोलायला यायची, त्यामुळे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "शिवा शिवा! गडी मानूस तव्याम्होरं उभारतंय, आन त्येबी शिळं ताजं कराय? लगीन कर आधी!"

लग्न झालं, बायको मस्कतला आली, पोरं झाली. पोरांना भाकरी टोचते, खुबूस आवडतो. आप्पा गेले. "चल माझ्याबरोबर," असं अव्वाला मी किती विनवलं. "माझं घर हाय की हितं," एवढंच तिचं उत्तर. मोबाईल आला तसा मी दर शुक्रवारी सुट्टीच्या दुपारी फोन लावायचो. जेवलीस का विचारलं की म्हणायची, "आत्ताच भाकरी थापली." मला बरं वाटायचं. कुठेतरी ती थापतेय, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे असं मी धरून चाललो होतो.

२००५ साली मी एकटाच सुट्टीवर निघालो. तिकीट एक दिवस अलीकडचं मिळालं, ते तिला कळवलं नाही. चकित करावं म्हटलं. भर दुपारी घराशी पोचलो. दार उघडं होतं. जेवणवेळ असून भाकरी थापल्याचा आवाज नव्हता. आत गेलो. पीठ मळायच्या लाकडी काटवटीत कांदे-लसूण भरलेले. बुट्टी खुंटीला पालथी. अव्वा गॅसपुढे पाठमोरी उभी, शेजारी प्लॅस्टिकची पिशवी, आणि तव्यावर एकच भाकरी. तिच्यावर ती पाण्याचा हात फिरवत होती, मग तिने वर ताटली झाकली.

माझ्या हातातली बॅग खाली पडली. ती दचकून वळली आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर पिशवी पदराखाली लपवली. म्हातारी पडली, आजारी पडली, अशा बातम्यांची मी मनाशी तयारी ठेवली होती. याची नव्हती.

"तू उंद्या येनार हुतास!" ती रागानेच बोलली. "उंद्या थापनारच हुतो की मी. दळान आनून ठेवलंय, बघ जा."

"अव्वा, विकतची?"

"कोपऱ्यावरच्या बायका करत्यात. जुंधळ्याचीच हाय." मग आवाज खाली आला. "एकलीसाठनं काटवट काढू वाटत न्हाय रं. तुझ्याकडनंच शिकलो की फोनवर."

तेवढ्यात करपल्याचा वास आला. जन्मभर ताज्या भाकरीवर ओंजळीने पाणी फिरवलेला तिचा हात, भाजलेल्या भाकरीलाही तसाच सढळ लागला होता. भाकरी तव्याला चिकटून तिचा लगदा झाला होता. घरात दुसरी भाकरी नव्हती. आमच्या घरात, माणूस दारात आलेलं असताना! मला रडूच फुटलं. तो लगदा उलथन्याने खरवडून आम्ही दोघांनी ताकात कालवून खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिने थापल्या, बुट्टी भरून. मी चार खाल्ल्या, पण डोळ्यांपुढून ती पदराखालची पिशवी हलली नाही. निघायच्या आधी कोपऱ्यावरून भाकऱ्या आणल्या आणि ओली बोटं नुसती कशी फिरवायची ते तव्याशी उभं राहून तिला शिकवलं. मी, तिला.

ती मस्कतला आली नाही, मीही परतलो नाही. शुक्रवारी फोन लावतो, तेव्हा इकडे माझा तवा तापलेला असतो, तिकडे तिचा. आता ती थापल्याचं सांगत नाही. परवा मी सहज विचारलं, रोज एकच भाकरी आणतेस ना?

"रोज एक. शुक्रवारी दोन."

"दोन कशाला?"

"म्हंजी?" ती कोल्हापुरी आवाजात ओरडली. "शुक्रवारी घरात तू असतोस की!"