एकच बाई

बसवकल्याणला जमिनीचे जुने कागद संगणकात भरायचं कंत्राट एका खाजगी कंपनीनं घेतलं, तेव्हा मी तिथं कामाला लागले. मला कन्नड, मराठी, उर्दू तिन्ही वाचता येतात. कोण कुणाचा लेक, कुणाचं रान कुठलं, हे कागदांवरून हुडकून मशीन आपोआप नात्यांचं जाळं तयार करायचं. चुका फार. कुठं बापच लेकापेक्षा लहान. म्हणून आम्ही त्याला नियम घालून दिले: आई लेकरापेक्षा मोठी असते, मेलेलं माणूस अंगठा उठवत नाही. नियम मोडला की नोंद लाल व्हायची.

एका दुपारी राजेश्वर गावच्या एका बाईची नोंद लाल झाली. आषाढात मयत, आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर भावाला जमीन सोडल्याच्या कागदावर तिचा अंगठा.

"मशीननं दोन बाया एक केल्यात. वेगळ्या करून टाका, अक्का," साहेब म्हणाले.

मी आधी पडताळायला बसले. नवरा एकच, सर्व्हे नंबर एकच. बापाचं नाव वाचलं आणि हात थांबला. माझे आजोबा. ती माझी आत्या होती. ती त्याच आषाढात गेली, तेव्हा मी चौथीत होते. मला शाळेतून मधेच घरी आणलं होतं. म्हणजे मरणाची नोंद खरी. मशीन चुकलं नव्हतं. कागद खोटा होता.

घरी आल्यावर वडिलांना विचारलं, "अप्पा, आत्यानं हिस्सा कधी सोडला?"

"मरायच्या आधी. कामून इचारायलीस?"

"कागद नंतरचा हाय. अंगठा कुणाचा?"

त्यांनी आईकडं बघितलं. चुलीपाशी आईची भाकरी करपायला लागली, तरी तिनं ती उलटली नाही. अंगठा मुठीत दाबून, हात पदराखाली घेऊन ती नुसती बसून राहिली. मला उत्तर मिळालं.

"दोन बाया हायत म्हून लिव्ह," अप्पा हळूच म्हणाले.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मी 'एकच बाई' असा शेरा मारला. लाल नोंदींची यादी तहसील कचेरीत गेली. अशा कागदांबद्दल वारसांना नोटीस जाते, हे मला ठाऊक होतं. अप्पा माझ्याशी बोलेनासे झाले.

महिन्याभरानं आत्याच्या लेकाचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, मऊ.

"अक्का, मामा घरी हायत का?"

"व्हय, हायत."

"घरीच बसू द्या त्यांना. आम्ही चौघं भाऊ निघालोय."