बाप्पा दुप्पट झाले, दार तेवढंच राहिलं

तुम्ही मोकळे असाल तर वाचा, मी अडकलेय. पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात, आतल्या खोलीत. खोलीला एकच दार, आणि त्यात दीड तास बाप्पा रुतून बसलेत.

रोह्याजवळच्या वरसे गावच्या एका काकांना आमची दोन फुटांची मूर्ती आवडली. म्हणाले, "हीच चार फुटांची करा, पण सगळं समप्रमाणात हवं." बाहेर ओल असते म्हणून मी आतच घडवली.

आज काका न्यायला आले. बाहेर काढताना बाप्पाचे हात चौकटीला टेकले. तिरकी केली तर पोट अडकलं. आता ना पुढे, ना मागे.

काका पलीकडून म्हणाले, "मी उंची दुप्पट सांगितली होती गो."

"काका, समप्रमाणात म्हणजे उंची दुप्पट, तर रुंदीपण दुप्पट आणि जाडीपण. वजन तर आठपट."

"आणि दार?"

"दार नाय वाढत."

जोर लावावा तर मूर्ती भंगेल. भाऊ सुताराला आणायला गेलाय, चौकटच काढायची.

वरशाचं कोणी वाचत असेल तर काकांच्या घराच्या दाराचं माप कळवा. त्यांना विचारायची माझी हिंमत नाय.