तांडेलांची मोरखी

तांडेल माणसाला आधी हुंगायचे आणि मग रामराम करायचे. कंपनीत लागल्यावर मला पहिल्यांदा बाळकुमच्या तबेल्यावर पाठवलं, तेव्हा हा उंच, काटकुळा, कानाच्या पाळ्यांवर केस असलेला माणूस माझ्या खांद्याजवळ नाक आणून उभा राहिला. "सकाळी कांदेपोहे खाल्लेत," तो म्हणाला. "आणि घाबरलायत पण." दोन्ही खरं होतं. घोडा मी तोवर लग्नाच्या वरातीत पाहिला होता, तोही मागच्या बाजूने.

कोलशेतला आमची यंत्रांचे सुटे भाग करणारी कंपनी होती. मी तिथे प्रशासन विभागात, म्हणजे ज्या कामाला दुसरा कोणी वाली नाही ते काम माझ्याकडे. आमच्या शेठना शर्यतीच्या घोड्यांचा नाद होता. पळते घोडे महालक्ष्मीला असायचे आणि जखमी किंवा दमलेले घोडे विश्रांतीला बाळकुमच्या खाडीकाठच्या प्लॉटवर यायचे. तिथे पत्र्याचा तबेला होता आणि तांडेल त्याचे सर्वेसर्वा होते. त्यांची चंदी, गवत, औषधं यांच्या चिठ्ठ्यांवर मी सही करायची, एवढाच आमचा संबंध असायला हवा होता.

तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. यांनी आयुष्यात होडी चालवली नाही. खाडीवरच्या कोळी घरात जन्मले, पण होडीत पाय ठेवला की यांच्या पोटात ढवळायचं. बापाने दोन वर्षं प्रयत्न केला आणि हात टेकले. अठराव्या वर्षी हे पळून रेसकोर्सवर गेले आणि घोड्यांची निगा राखणारे सईस झाले. तेव्हापासून गावाने चेष्टेने तांडेल म्हणायला सुरुवात केली आणि खरं नाव मागे पडलं. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. "घोडा पण डुलतो की," ते म्हणायचे, "पण त्याच्यावर बसायचं माझ्या नशिबी नाय. मी आपला बाजूने चालतो."

खाडी मात्र त्यांच्या अंगातून गेली नव्हती. घोड्याच्या पायाची शीर सुजली की ते भरतीची वेळ बघून त्याला खाडीत गुडघाभर पाण्यात उभं करायचे. खारं पाणी सूज ओढतं, हे त्यांचं डॉक्टरी ज्ञान. स्वतःही त्याच्याबरोबर पाण्यात तासभर उभे, लगाम सैल धरून, घोड्याशी गावच्या गप्पा मारत. एकदा मी काठावरून ओरडलो, "तांडेल, तुम्ही कशाला भिजताय? दोर लांब घ्या की." तर म्हणाले, "सायेब, आजारी माणसाला हॉस्पिटलात सोडून तुम्ही बाहेर रिक्षात बसता का?"

त्यांचा लाडका घोडा दादूस. शर्यतीच्या पुस्तकात त्याचं नाव काहीतरी सोनेरी, इंग्रजी होतं, तांडेलांना ते उच्चारता येत नसे आणि उच्चारायचंही नव्हतं. लालसर तपकिरी रंग, कपाळावर वाकडा पांढरा ठिपका. तांडेलांनी त्याला शिंगरू असल्यापासून सांभाळलेलं. एका रविवारी शेठनी आम्हा ऑफिसच्या पाच-सहा जणांना महालक्ष्मीला नेलं, तेव्हा दादूस पळणार होता. आम्ही कठड्याला लटकून बोंबलत होतो आणि तांडेल शर्यतीकडे पाठ करून उभे होते. दादूस जिंकला. ऑफिसात पेढे वाटले गेले. मी त्यांना विचारलं, बघितलं का नाही? "पळताना बघायला लोकं तिकीट काढून आलीत," ते म्हणाले. "मी परत येतो का ते बघतो." पुढच्याच हंगामात दादूसची शीर कायमची दुखावली आणि तो बाळकुमला आला तो तिथेच राहिला. शेठ म्हणाले, खाऊ दे म्हाताऱ्याला. तेव्हा दिवस बरे होते.

मग एक्क्याण्णव साल आलं. देशाचं सोनं गहाण पडल्याची बातमी तांडेलांनी माझ्याच टेबलावरच्या पेपरात पाहिली, पेपर हुंगला आणि म्हणाले, "खराब वास हाय." आमचा कच्चा माल परदेशातून यायचा, तो अडकला. बँकांनी हात आखडले. दोन पाळ्यांची एक पाळी झाली. सगळ्याच कारखानदारांची ही गत, आणि घोडे पाळणारे बहुतेक कारखानदारच. शर्यती चालू होत्या, पण घोड्यांच्या लिलावात कोणी हात वर करेना. ज्या घोड्याचं कूळ सांगताना मालकांची छाती फुगायची, तो फुकट ने म्हटलं तरी मित्र विषय बदलू लागले. महालक्ष्मीचे ओळखीचे सईस बाळकुमला येऊन तांडेलांकडे काम विचारून जात. "घोड्याला मंदी कळत नाय," तांडेल म्हणाले. "त्याला सात वाजले की चंदी कळते."

शेठनी पळते घोडे मिळेल त्या किमतीला काढले आणि एका दुपारी मला बोलावून सांगितलं, बाळकुमचा प्लॉट महिनाअखेर रिकामा हवा. मी तांडेलांना सांगितलं. त्यांनी हातातला खरारा दादूसच्या पाठीवरून एकदा फिरवला. मग म्हणाले, "दादूसला शाळेत घाला. पोरांना घोड्यावर बसायला शिकवतात तसली शाळा. पळायला नको, ओझं नको. एवढं करा सायेब, मी दुसरं काय मागत नाय."

मी खरंच पत्रं लिहिली. घाटावरच्या एका शाळेचं उत्तरही आलं. घोडा घेऊ, पण आमची गाडी तीन आठवड्यांनी मोकळी होईल, तोवर थांबा. तीन आठवडे म्हणजे महिनाअखेर ओलांडून दहा दिवस. शेठना विचारलं असतं तर ते बहुधा हो म्हणाले असते. मी विचारलं नाही. ऑफिसात कमी करायच्या माणसांची यादी बनत होती आणि मला "काम झालं, साहेब" असं सगळ्यांच्या आधी सांगायचं होतं. कल्याणचा एक जनावरांचा व्यापारी त्याच आठवड्यात ट्रक आणायला तयार होता. घोडा पुढे टांग्याला जाईल की आणखी कुठे, हे मी त्याला विचारलं नाही. पोटासाठी माणूस काय काय करतो असं म्हणून मी स्वतःला पुष्कळ वर्षं सोडवून घेतलं, पण ते पोटासाठी नव्हतं. साहेबांच्या शाबासकीसाठी होतं.

तांडेलांना सांगितलं, शाळेची गाडी येते आहे. आणि ट्रकच्या दिवशी त्यांना जुनं सामान पोचवायला महालक्ष्मीला पाठवून दिलं. निघताना त्यांनी दादूसच्या तोंडावर त्याची चामड्याची मोरखी चढवली, कानामागे पट्टा सारखा केला आणि मला म्हणाले, "ही त्याच्या अंगावर जाऊ दे. नव्या जागी आपला वास बरा असतो. रुळला, नीट खायला लागला, की तिकडचा सईस ती परत पाठवील. आमच्यात तसंच असतं. ती आली की समजायचं." मी मान डोलावली. त्यांनी दादूसची मान एकदा हुंगली आणि मागे न बघता गेले.

व्यापाऱ्याने मोरखी काढून माझ्या हातात दिली. "हे तुमचं ठेवा, आपल्याकडे दोर आहे." ट्रकमध्ये चढताना दादूस दोनदा मागे फिरला. मी घड्याळ बघत होतो.

मोरखी माझ्या टेबलाच्या खणात गेली. तांडेलांना तोवर कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून ठेवलं होतं. रोज सकाळी ते विचारायचे, "आली का सायेब?" मी नाही म्हणायचो आणि जिना चढायचो. तीन आठवड्यांनी मला ते सहन होईना. एका रविवारी मोरखी कोपरीच्या घरी आणली. चांगली शाळा वस्तू स्वच्छ करूनच परत करील, असा माझा कारकुनी हिशोब. मी ती साबणाने धुतली, वाळवली आणि बुटांचं तपकिरी पॉलिश लावून चकचकीत केली. खाकी कागदात बांधली, वर सुतळी. माझ्या हुशारीवर मी खूश होतो, हे लिहायला आज लाज वाटते, पण होतो.

तांडेलांनी गेटवरच कागद उघडला. मोरखी नाकाशी नेली. इतका वेळ ते काही हुंगताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी ती पुन्हा कागदात गुंडाळली, घडीवर घडी जुळवून. "शाळा शिस्तीची दिसते," ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही. "च्या घेणार का सायेब? मागवतो." मी चहा प्यायलो. पैसे त्यांनी दिले. पुढच्या महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. जाताना मला भेटले नाहीत आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

माझी नोकरी टिकली. मी डोंबिवलीला फ्लॅट घेतला. दोनेक वर्षांनी गेटवरून निरोप आला, कोणी भेटायला आलंय. खाली फेटा काखेत धरलेला एक तरुण उभा होता. कल्याणचा, लग्नाला घोडे देणारा. त्याच्या हातात मळकी पिशवी होती.

"तांडेलांनी पाठवलंय," तो म्हणाला. "तुमच्याच हातात द्यायला सांगितलंय."

आत मोरखी होती. घामाने काळी पडलेली, कडक झालेली, पट्ट्यात लालसर केस अडकलेले. माझ्या पॉलिशचा मागमूस नव्हता.

त्याने सांगितलं ते असं. दादूस त्याने व्यापाऱ्याकडून घेतला होता. घोडा खात नव्हता, माणसाकडे पाठ करून उभा राहायचा. इकडे तांडेल, ट्रक कल्याणचा होता एवढं कुणाकडून तरी ऐकून, नोकरी सोडून कल्याण-डोंबिवलीतला एकेक तबेला हिंडत होते. चार महिन्यांनी याच्या दारात आले. "काय बोलले नाय. सरळ आत गेले, मान हुंगली आणि पिशवीतून ही काढून चढवली. तेव्हापासून आमच्याकडेच आहेत. पगार घेत नाहीत, जेवतात. वरातीत बँड वाजायच्या आधी त्याच्या कानात कापूस घालतात आणि बाजूने चालतात. रुळायला दीड वर्ष गेलं, पण आता घोडा एकदम मस्त आहे. त्यांनी सांगितलंय, सायबांना बोल, दादूस रुळला."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "फार मळलीय. धुवायला हवी."

तो दचकलाच. "धुवू नका साहेब! मोरखी कधी धुवून देतात का? वासातच तर सगळं असतं. कुठे आहे, काय खातोय, बरा आहे का. धुतली तर आधीच्या सईसाला काय कळणार?"

तो गेल्यावर मी जिन्यातच बसलो. म्हणजे त्या सकाळी, गेटवर, कागद उघडताक्षणी तांडेलांना सगळं कळलं होतं. शाळा नाही, घोडा नाही, हा माणूस खोटं बोलतोय. तरी त्यांनी मला चहा पाजला. आणि दादूस सापडल्यावर, ज्या माणसाने तो हाकलला त्यालाच, रिवाजाप्रमाणे, खुशाली कळवली.

डोंबिवलीहून कल्याण दोन स्टेशनं. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी गेलो नाही. कारण साधं होतं. तांडेल आधी हुंगतील, मग रामराम करतील, याची भीती होती. पुढे कधीतरी त्या घोडेवाल्या तरुणाची भेट झाली, तेव्हा दोघंही गेले होते. आधी दादूस, मग सहा महिन्यांत तांडेल.

मोरखी माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात असते. घोड्याचा वास कधीच गेला, आता नुसतं जुनं चामडं येतं नाकात. दर दिवाळीच्या साफसफाईत बायको ती बाहेर काढते आणि विचारते, एकदा धुऊन ठेवू का? मी नको म्हणतो. का, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.