भुकेल्या कोळ्याचं चित्र

विलाड्स थ्रानेचं व्रत एकच होतं. माणूस जसा दिसेल तसाच रंगवायचा. त्यापायी त्याने नगराध्यक्षांच्या नाकावरची चामखीळ केसासकट रंगवली, शहरातली सगळी गिऱ्हाइकं घालवली आणि यूटलंडच्या किनाऱ्यावर बहिणीकडे येऊन पडला. आता कोपनहेगनच्या प्रदर्शनासाठी त्याला भुकेला कोळी रंगवायचा होता.

ग्रेगर्स कोळी अगदी हवा तसा मिळाला, गालफडं बसलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. पण विलाड्सचा हात संथ, आणि बहीण ओटिलियाला समोर बसलेला माणूस उपाशी बघवेना. रोज कॉफी, लोण्याची बिस्किटं, वर डुकराच्या मांसाचा जाडजूड तुकडा. महिना गेला. दिसेल तेच रंगवायचं, म्हणून विलाड्स रोज सकाळी कालचे गाल खरवडून आजचे रंगवी.

शेवटी ग्रेगर्सची बायको सिसेल चित्र बघायला आली.

"हा भुकेला कोळी? हा तर आपला पाद्री दिसतोय!"

"मी दिसतं तेच काढतो, बाई," विलाड्स गुरगुरला.

"मग इकडे बघा की! महिनाभर हा मेला इथं चरतोय आणि जाळं मी एकटी ओढतेय."

विलाड्सने पाहिलं. बसलेली गालफडं, वर आलेली हाडं. तो धावत जाऊन कोरा कॅनव्हास घेऊन आला. तोवर नवऱ्याला उठवून सिसेल खुर्चीत बसली होती आणि बिस्किटांची बशी तिने मांडीवर घेतली होती.

"उरका लवकर," ती भरल्या तोंडाने म्हणाली, "मी सुरुवात केलीय."