ठशातला अग्नी

इराणात इस्तख्रच्या टाकसाळीत विन्दाद नाण्यांचे ठसे कोरायचा आणि त्या ठशांवर घण घालायचो मी. दीनाराच्या एका बाजूला शहानशाह, दुसऱ्या बाजूला वेदीवरचा अग्नी. शहानशाहांचा मुकुट कोरताना विन्दाद खुशाल शीळ घालायचा. अग्नीची पाळी आली की मात्र अग्यारीतल्या मोबेद पुजाऱ्यासारखं तोंडावर पांढरं फडकं बांधायचा. कोरताना निघालेला पोलादाचा कीससुद्धा कधी फुंकून उडवला नाही. पांढऱ्या कोंबड्याच्या पिसाने झाडायचा.

"काका, पोलादातला अग्नी पण श्वासाने बाटतो होय?" मी चिडवायचो.

"तुझ्या लसणाच्या वासाने खरासुद्धा बाटेल, गप बस!" फडक्याआडून उत्तर यायचं.

पुढे नवे शहानशाह गादीवर आले. नवरोजला सोन्याचे नवे दीनार हवे होते. तोवर विन्दादच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

"म्हातारबा, आता पुरे," टाकसाळीचा प्रमुख बुर्झाग म्हणाला.

"एवढा एक करू दे. बिघडला तर पुन्हा उंबरा चढणार नाही."

तेरा दिवस तो खिडकीतल्या उन्हात बसून, बोटांनी चाचपत ज्वाळा कोरत होता. त्या उन्हात सोन्याची धूळ तरंगायची, माझ्याच घणाचा आवाज मला लांबून कुठूनतरी आल्यासारखा वाटायचा. एकदोनदा तर ती ज्वाळा हललेली मी पाहिली. प्यायलो नव्हतो, शप्पथ.

चौदाव्या दिवशी ठसा माझ्या ऐरणीवर आला. पाहतो तर ज्वाळेच्या टोकाच्या खाचेत किसाचा एक कण रुतलेला. तसाच घण घातला असता तर टोक बोथट उठलं असतं आणि म्हाताऱ्याचा शेवट झाला असता. पीस फिरवलं, तो आणखीच आत गेला. सुई लावावी तर ओरखडा. बुर्झाग सोन्याची चकती घेऊन येतच होता. विन्दाद शेजारी उभा होता, पण त्याला काहीच दिसत नव्हतं.

मी खाली वाकलो आणि फुंकर मारली.

दीनार उठला. विन्दादने ज्वाळेच्या टोकावरून अंगठा फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला. त्याचे डोळे वाहायला लागले.

"बघितलंस? कुणाचा श्वास लागला नाही, म्हणून एवढं लखलखीत आलंय."

"हो काका," मी म्हणालो.

दोन वर्षांनी तो गेला, त्याच समाधानात. मला त्याचा आनंद आहे आणि लाजही वाटते. ते दीनार अजून बाजारात फिरतात. एखादा हातात आला आणि ज्वाळेची बाजू वर असली, की मी आधी तोंडावर हात धरतो.